रविवारी धुतलेली बंडी

मी एक जुनी बंडी आहे. साधीसुधी नव्हे, गोळी अडवणारी. सध्या माझा मुक्काम अंगरक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या एका टेबलावर आहे. मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. तुम्हीच ऐका आणि सांगा, माझं काय चुकलं?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चिवट कापडाचे बावीस थर एकावर एक ठेवून एका ताईंनी मला शिवलं. टीप जरा वाकडी गेली की त्या सगळी उसवून पुन्हा घालत. शेवटी त्यांनी आतल्या बाजूला लेबल लावलं: 'गोळीपासून संरक्षणासाठी. धुऊ नये. उन्हात ठेवू नये.'

मग मी आमच्या बाईंकडे आले. परदेशी राजदूत, मोठे अधिकारी येतात ना, त्यांच्यापासून दोन पावलांवर साध्या कपड्यांत कुणीतरी उभं असतं. फोटोत ते अर्धं कापलं जातं. आमच्या बाई त्यांतल्याच. त्यांच्या कामाची रीतच उलटी. मोठा आवाज झाला की सगळे खाली वाकतात. यांनी मात्र ताठ उभं राहून पाहुण्याला झाकायचं. एकदा सभागृहात फटकन दिवा फुटला. दीडशे माणसं टेबलांखाली गेली आणि बाई राजदूतांसमोर भिंतीसारख्या उभ्या! राजदूतांनी नंतर त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. मला कॉलर नाही, नाहीतर मीही ती ताठ केली असती.

घरी मात्र बाईंनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. सासूबाईंच्या जिवाला उगीच घोर नको, म्हणून "सरकारी कचेरीत फायली बघते" एवढंच सांगितलं होतं. पहाटे थेट विमानतळावर जावं लागे, त्यामुळे मला कचेरीत न ठेवता त्या रोज घरी आणून खुंटीवर टांगत. कुणी वाचू नये म्हणून बाईंनी एक दिवस कात्रीने माझं लेबलच कापून टाकलं. सासूबाईंना म्हणाल्या, "पाठीचा पट्टा आहे, आई. बसून बसून पाठ दुखते." मी हबकलेच! अहो, मला बोलायला तेवढीच तर एक जीभ होती.

सासूबाई फार मायाळू. सून दमून येते, तिचा पट्टा घामाने कुबट होतो, हे त्यांना बघवेना. रविवारी सून बाजारात गेली की त्या मला कडक पाण्यात ब्लीच घालून भिजवायच्या, मशीनमध्ये फिरवायच्या आणि गच्चीवर टळटळीत उन्हात वाळवायच्या. पहिल्या रविवारी माझी बोबडीच वळली. धाग्याधाग्यातला जोर निघून चालला होता आणि मला ते कळत होतं. असे आठ रविवार गेले. मी मऊ पडले, तर बाई म्हणतात कशा, "हिला आता अंगाची सवय झाली!" माझ्यात काही राम उरला नव्हता आणि बाई मला घालून रोज दुसऱ्यांच्या पुढे उभ्या राहत होत्या.

एका शनिवारी चहा घेताना सासूबाई सहज म्हणाल्या, "उद्या तुझा पट्टा परत धुऊन टाकते गं. बघ, कसा मऊसूत झालाय!"

बाईंचा कप अर्ध्यावर थांबला. "परत म्हणजे? आई, तुम्ही हा धुता?"

"दर रविवारी. घाम काय थोडा येतो? अगं, अशी पांढरीफटक का पडलीस?"

बाईंनी मला खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे दोन महिने मी तुला उघडी पाठवत होते! अगं, एवढी मोठी गोष्ट घरच्यांपासून लपवायची असते का?"

"माझंच चुकलं, आई," बाई म्हणाल्या.

सोमवारी केंद्रात माझी परीक्षा घ्यायची ठरली, तेही बाईंनी घरी सांगितलं. तिथे शिकवणाऱ्या उस्तादांनी मला वाळूच्या पोत्यावर बांधलं आणि एक गोळी झाडली. बाईंनी जवळ येऊन पाहिलं. गोळी बावीसच्या बावीस थर फोडून गेली होती आणि पोत्यातली वाळू भळाभळा सांडत होती. जन्मभर ज्या एका क्षणाची वाट पाहिली, त्याच क्षणी मी नापास झाले!

मित्रांनो, माझं एवढं ऐका. माया जरूर करा, पण हात लावण्याआधी विचारा, ही वस्तू कशाची आहे. आणि जोखमीचं काम करत असाल तर घरी सांगा. न सांगितल्याने घोर टळत नाही. बाईंनाही हे पुरतं पटलं असावं. यापुढे घरी काही लपवायचं नाही, असं त्या उस्तादांना म्हणतच होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे सासूबाई होत्या. सकाळपासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

"अडली का गं गोळी?"

बाईंचं बोट गोळीने मला पाडलेल्या भोकात होतं.

"अडली, आई," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."