शिंदवण्याचा घाट मी चढले

मी इंजिन बोलतेय. वाफेचं, कोळशावर चालणारं, आठ मोठ्या चाकांचं. व्याकरणात मी 'ते इंजिन' हे मला ठाऊक आहे, आणि पुण्यात राहायचं तर कुणीतरी ही चूक काढणारच. पण ज्या माणसाने सलग अकरा वर्षं माझ्या भट्टीत कोळसा मारला, त्याने मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हटलं. तेव्हापासून मी 'बोलतेय'. ज्यांना खटकतं त्यांना खटकू दे.

माझा जन्म १९५८ सालचा, चित्तरंजनच्या कारखान्यातला. तिथल्या आठवणी फार नाहीत. हातोड्यांचा आवाज आणि ताज्या रंगाचा वास, एवढंच. पहिली काही वर्षं मध्य प्रदेशात कोळशाच्या मालगाड्या ओढल्या. मग पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मला घोरपडीच्या शेडमध्ये आणलं. साखर, गूळ, सिमेंट, कधी पॅसेंजर, जे मागे जोडतील ते घेऊन मी शिंदवण्याचा घाट चढायचे. घाट चढण्यातच माझं आयुष्य गेलं म्हणा ना.

तिथेच मला कचरू ओव्हाळ भेटला. येरवड्याचा, एकवीस वर्षांचा, काटक. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या आणि वडिलांनी पोरांना एकच गोष्ट शिकवली, कुणापुढे मान खाली घालायची नाही. कचरू ती शिकवण घेऊन माझ्या फूटप्लेटवर चढला, म्हणजे ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहतात त्या जागेवर.

त्या वेळच्या ड्रायव्हरने पाण्याचा माठ आपल्या बाजूला बांधला होता. त्याला कचरूने हात लावायचा नाही, हे त्याने तोंडाने सांगितलं नाही, नजरेने सांगितलं. कचरूने दुसऱ्या दिवसापासून स्वतःची बाटली आणली. एकदा वैशाखात आम्ही घाटात सिग्नलला तीन तास अडकलो. माठ आटला. भट्टीसमोर तीन तास म्हणजे काय ते मला विचारा. शेवटी ड्रायव्हरने कचरूकडे पाणी मागितलं. कचरूने दिलं, पोटभर दिलं. पुढच्या फेरीला ड्रायव्हर म्हणाला, आता माठातलं घेत जा. कचरू म्हणाला, "माझी बाटली आहे माझ्याकडे." आणि फावडं उचललं.

मला हा माणूस तेव्हाच आवडला.

कोळसा मारण्यात त्याचा हात धरणारा शेडमध्ये कुणी नव्हता. फावडं भरून तो असा मनगटातून झटका द्यायचा की कोळसा भट्टीच्या मागच्या कोपऱ्यांत नेमका पसरायचा. आग पातळ, लख्ख, पिवळट पांढरी. माझ्या धुराड्यातून तेव्हा जेमतेम राखाडी धूर निघायचा. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे फायरमन कच्चा, असं तो सांगायचा. ड्रायव्हरची परीक्षा तो पहिल्या प्रयत्नात पास झाला, पण यादी वर कुठेतरी अडकली. ती खाली येईपर्यंत या मार्गावर डिझेल आलं. कचरूला डिझेल शेडमध्ये फिटरच्या हाताखाली दिलं. ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं राहून गेलं ते गेलंच.

आणि मला चौथऱ्यावर चढवलं.

लोक म्हणतात, मी बंद पडले होते. साफ खोटं. मी बंद पडले नव्हते, मला बंद केलं होतं. एका कचेरीच्या फाटकासमोर, चाकांखाली सिमेंट घालून, धुराड्यावर पत्र्याचं झाकण ठोकून पस्तीस वर्षं उभं केलं. दर सव्वीस जानेवारीला रंग फासायचे, आधीच्या रंगावरच. समोरच्या पाटीवर माझं जन्मसाल चुकीचं होतं. बिबवेवाडीचे एक निवृत्त गृहस्थ दरवर्षी ते दुरुस्त करण्यासाठी अर्ज द्यायचे आणि दरवर्षी त्यांना पोच मिळायची. पाटी तशीच राहिली. माझ्या चाकांवर जोडप्यांनी नावं कोरली, बॉयलरला टेकून लग्नाआधीचे फोटो काढले, आणि ज्यांना यातलं काहीच जमलं नाही ते माझ्या सावलीत पान खाऊन थुंकले.

मग कुणाला तरी वरून कल्पना सुचली, वाफेच्या इंजिनाची सहलीची गाडी काढू या. मला क्रेनने उतरवलं. बॉयलरच्या नळ्या बदलल्या, सांधे सोडवले, दोन वर्षं वर्कशॉपमध्ये माझी हाडं मोजली गेली. ज्यांनी वाफ पाहिली आहे अशी माणसं शोधताना त्यांना सत्तरीतला कचरू सापडला. तो आला, काठी भिंतीला टेकवली, माझ्या भट्टीच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाला, "काय बाई, झाली का झोप?"

त्याच्याबरोबर त्याची नात होती, आम्रपाली. मालगाडीची लोको पायलट, विजेची इंजिनं चालवणारी. वाफेवर यायला कुणी तयार नव्हतं; एसी केबिन सोडून भट्टीसमोर कोण उभं राहणार? आम्रपाली स्वतःहून आली. कचरूने तिला आधी चालवायला शिकवलंच नाही. तीन महिने तिच्या हातात फावडं दिलं. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले, तेव्हा तो म्हणाला, आता बस त्या जागेवर.

अशा रविवारच्या सहली सुरू झाल्या. पुण्याहून सकाळी निघायचं, घाट चढून आंबळे, तिथून जेजुरी, संध्याकाळी परत. बॉयलरमध्ये खडकवासल्याचं पाणी, डोक्यावर विजेची तार, डब्यांत मुलाबाळांसकट पुणेकर. पण यात एक मेख होती. गाडीच्या शेवटी एक डिझेल इंजिन जोडलेलं असायचं आणि घाटात ते मागून ढकलायचं. लोकांना वाटायचं, मीच ओढतेय. मी पुढे नुसती शिट्ट्या मारत होते.

त्याहून वाईट दुसरं. सहलींचं काम बघणारी कादंबरी म्हणून एक मुलगी होती. वाईट नव्हती ती, पण एका रविवारी आम्रपालीला म्हणाली, "मॅडम, रील्समध्ये स्मोक दिसतच नाही. ऑइलचे बोळे टाकून थोडा ब्लॅक स्मोक काढता येईल का?" आम्रपालीने सांगितलं, धूर दिसत नाही कारण आम्हाला काम येतं. पण ऑफिसातून लेखी आलं आणि दोन सहली मला तेलाचे बोळे खावे लागले. कचरू त्या दिवशी डब्यात होता. घाटात खिडकीबाहेर काळाकुट्ट धूर बघून त्याने काच लावून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी आम्रपालीने अर्ज लिहिला. मागचं डिझेल काढा, इंजिन आपल्या ताकदीवर घाट चढेल, आणि काळा धूर यापुढे मी काढणार नाही. अर्ज वर गेला आणि उलटाच फिरला. ऑफिसने ठरवलं, एकदाच चाचणी घ्या. सहा डबे, ठरलेली वेळ, बावन्न मिनिटांत घाट. डिझेल मागे राहील, पण ढकलणार नाही. त्याला एकदा जरी ढकलावं लागलं तरी इंजिन कायमचं चौथऱ्यावर.

चाचणी घ्यायला आले बॉयलर तपासणारे दीनानाथ केळकर. सदाशिव पेठेतले, निवृत्तीला चार महिने राहिलेले, खिशात दोन पेनं. हसल्याचा पुरावा कुणाकडे नाही. फूटप्लेटवर चढताना त्यांनी आम्रपालीला सांगितलं की आपण जे घडेल ते लिहू, जे वाटेल ते नाही. कचरूला मात्र त्यांनी नियम दाखवला, पंचाहत्तर वयाच्या माणसाला वर परवानगी नाही. कचरू पहिल्या डब्यात जाऊन बसला.

जानेवारीची सकाळ होती, रुळांवर दव. फुरसुंगी सोडलं तेव्हा मी अशी पळत होते की मला माझंच वय आठवेना. घाट लागला. आम्रपालीने रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, उघडला, दोघे फायरमन आळीपाळीने कोळसा मारत होते, आग कचरूने शिकवलेली, लख्ख. अर्धा घाट झाला. मग बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर माझी चाकं घसरली. जागच्या जागी गरगर फिरली. आम्रपालीने पटकन वाफ तोडली, वाळूचा खटका ओढला. चाकांसमोर रुळावर वाळू पडायला हवी होती. पडली नाही. नळी तुंबली होती. गाडी थांबली.

चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. दीनानाथांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं. वॉकीटॉकीवर मागच्या डिझेलचा ड्रायव्हर अभय बोलला. बिचारा मनापासून विचारत होता.

"मॅडम, हलका धक्का देऊ का? कुणाला कळणार नाही."

आम्रपालीने दीनानाथांकडे बघितलं. ते बाहेर बघत होते. ती म्हणाली, "मला कळेल. धक्का नको."

ती खाली उतरली. फायरमनला घेऊन तिने वाळूच्या पेटीतली वाळू ओंजळीने काढली आणि एकेका चाकापुढे रुळावर पसरली. तोवर कचरूही डब्यातून उतरून काठी टेकत खडीवरून आला होता. माझ्या पायरीला त्याने हात लावला नाही. खालूनच म्हणाला, "घाई करू नको, आमू. वेळ जाऊ दे. आधी तिला वाफ भरू दे."

वेळ जाऊ देणं म्हणजे चाचणी हातची घालवणं. तरी तिने ऐकलं. अकरा मिनिटं मी तिथे उभी राहिले, आणि ती अकरा मिनिटं मला चौथऱ्यावरच्या पस्तीस वर्षांएवढी वाटली. वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू चढला. माझ्या डोक्यावरची झडप फुसफुसू लागली. मग आम्रपालीने रेग्युलेटर जेमतेम एक बोट उघडला. पहिला हुंकार. चाकं वाळूवर करकरली, पण घसरली नाहीत. दुसरा. तिसरा. पहिला डबा हलला, मग दुसरा, मग सगळे. बोगद्यात माझा आवाज माझ्याच कानांवर आदळला आणि मी आतून पेटले. त्या दिवशी मी घाट चढले नाही, मी तो खाल्ला.

आंबळ्याला पोचलो तेव्हा एकसष्ट मिनिटं झाली होती. नऊ मिनिटं उशीर. आम्रपालीने काळे हात पुसले आणि म्हणाली, सर, लिहा. दीनानाथ लिहीतच होते. लिहिता लिहिता थांबून त्यांनी विचारलं, "बावन्न मिनिटांचा हिशेब कुणी केला?"

ऑफिसने, ती म्हणाली.

"सहा डब्यांचा केला. मागचं डिझेल जोर लावत नव्हतं. शंभर टनांवरचं ते धूड कुणी ओढलं?"

त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि सांगितलं की आपण चहाला जातोय, दहा मिनिटं लागतील, आणि या दहा मिनिटांत फूटप्लेटवर कोण चढतं ते आपल्याला तिथून दिसणार नाही. हे ते कचरूकडे न बघता बोलले.

आम्रपालीने आजोबांचा हात धरला. कचरूने तो सोडवला.

"पाठ फिरवू नका, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही बघत असताना चढतो. मग काय लिहायचं ते लिहा."

दीनानाथ थांबले. मग त्यांनी पुन्हा पेन काढलं. कचरू चढला. एकेक पायरी, गुडघे कुरकुरत, कुणाचा आधार न घेता. ड्रायव्हरच्या जागेवर बसला. आम्रपालीने ब्रेक सोडला, आणि त्याने रेग्युलेटरवर हात ठेवून मला फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. पन्नास वर्षांत माझ्या रेग्युलेटरला इतका हलका हात लागला नव्हता. अहवालात एक ओळ आहे, मी ती वाचून घेतली आहे: 'आंबळे स्थानकात इंजिन श्री. कचरू ओव्हाळ यांनी चालवले. चालवणे निर्दोष.'

अहवालावर ऑफिसने अडीच महिने घेतले. शेवटी डिझेल काढलं. बॉयलरला तीन वर्षांचं प्रमाणपत्र मिळालं, खाली दीनानाथांची सही आहे. वयाचा नियम काही बदलला नाही. कचरू तिकीट काढून पहिल्या डब्यात बसतो. काळ्या धुराचं पत्र अजून रद्द झालेलं नाही. आम्रपाली ते पाळतही नाही. तिच्याकडे एकदा खुलासा मागितला, तिने एका ओळीत दिला: 'इंजिन नीट चालू असल्यामुळे धूर निघाला नाही.'

पण मला सगळं दिसतं. कचेरीसमोरचा तो चौथरा अजून पाडलेला नाही. त्यावर तूर्त कुंड्या ठेवल्या आहेत. तीन वर्षांनी कुणीतरी पुन्हा फाइल उघडेल आणि विचारेल, ही म्हातारी किती दिवस चालवायची? त्यांना आत्ताच सांगून ठेवते. माझ्यावर दया करू नका, माझं कौतुकही करू नका, फुलांचा हार तर मुळीच नको. मला कोळसा द्या, चांगलं पाणी द्या, वाळूची नळी वेळेवर साफ करा, आणि फूटप्लेटवर हात बसलेली माणसं ठेवा. एवढं दिलंत आणि तरी मी घाट चढले नाही, तर माझे तुकडे करून वितळवा. लोखंडाला वितळायची भीती नसते. पण रंग फासून, झाकण ठोकून मला उभं करू नका. मी शोभेची नाही.

आज रविवार आहे. पुणे स्टेशनचा फलाट भरलाय. आग लख्ख आहे, काटा वर आहे, आम्रपालीने खिडकीतून मागे बघून गार्डचा झेंडा पाहिलाय. सेल्फी काढणारे अजून माझ्यासमोर, फलाटाच्या अगदी कडेला उभे आहेत.

सिग्नल हिरवा झालाय. बाजूला व्हा.