डोलीचा कायदा

ओरिशाबाने घराच्या मधल्या खांबाला, मेढीला, मिठी मारली होती आणि आत्या फेदेरेसी तिची बोटं एकेक करून सोडवत होती. एक हात सुटला की दुसरा आणखी घट्ट व्हायचा. दारात जमलेल्या बायका कौतुकाने बघत होत्या.

"बघा गं, याला म्हणतात लेक," त्यातली एक म्हणाली. "नाहीतर आमची! नुसती मुळूमुळू रडली, तीसुद्धा आरशात बघून."

"मला नाही जायचं!" ओरिशाबा ओरडली. "त्या बेयाकाच्या घरात मी मरेन. सोडा मला!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या डोंगरांत नवरीने रडायचंच असतं. हसत निघालेली मुलगी नवऱ्याच्या गोठ्याला लागते, गुरं मरतात, असं म्हणतात. म्हणून प्रत्येकीने रडायचं, मेढ धरायची, मला नेऊ नका म्हणून ओरडायचं, आणि मग प्रत्येकीला न्यायचं. त्यात एखादी खरंच रडत असली, तर ते कळणार कसं?

ओरिशाबाने सगळं करून पाहिलं होतं. आईबाप गेल्यापासून ती काकाकडे राहत होती. बटाट्याचा व्यापारी बेयाका पन्नाशीला टेकलेला, घरात दोन बायका. त्याच्या पाच गायी काकाच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या, त्या दिवशी तिने काकाचे पाय धरले. काका म्हणाला, "रडायचं ते लग्नाच्या दिवसासाठी ठेव." मग ती पळाली. दोन टेकड्या ओलांडून शाळेपर्यंत गेली. तिथे तिची सातवीची परीक्षा राहिली होती. पण शाळेला सुट्टी होती. बंद दाराशी बसलेली ती आत्याला सापडली. गावात आल्यावर कुणी रागावलंदेखील नाही. उलट म्हणाले, पळूनसुद्धा गेली! मुलगी मोठी कुळशीलाची. त्या दिवसापासून आत्या दारात आडवी होऊन झोपू लागली.

आज मेढही सुटली.

अंगणात डोली तयार होती. बांबूचे दोन लांब दांडे आणि मध्ये वेलींनी विणलेली खोल टोपली. पाच टेकड्यांची मिळून ही एकच डोली. नवरी तिच्यातून जायची, दुखणेकरी तिच्यातून जायचा आणि मेलेला माणूसही. गाडीरस्ता खाली दरीत, मग दुसरं काय करणार? घरटी एका पुरुषाने खांदा द्यायचा, असा डोलीचा कायदा. दुसरा कायदा याहून कडक. डोली दवाखान्याकडे वळली की कुणी आडवं यायचं नाही. जो आडवा येईल त्याच्या घरी डोली पुन्हा जाणार नाही. मग त्याची बायको अडलेली असो की बाप मरत असो.

ओरिशाबाला टोपलीत बसवलं. टोपली इतकी खोल, की गुडघे हनुवटीला लागले. वरून पांढरी चादर आली. चार जणांनी डोली उचलली आणि जमीन तिच्यापासून दूर गेली.

"सांभाळून रे," पुढच्या दांड्याखालून म्हातारा काकुरू म्हणाला. खांदेकऱ्यांचा तो म्होरक्या. तीस वर्षं दांडा वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. "पोरी, दांडे धरून बस. उतार आला की नवऱ्या मुली पालथ्या होतात."

आत्या डोलीच्या कडेने चालत होती. सर्वांत पुढे काळी छत्री उघडून नवऱ्याचा धाकटा भाऊ एनोका. ज्वारीच्या शेतांमधून, पायऱ्यापायऱ्यांच्या बांधांवरून वरात चढू लागली.

ओरिशाबा रडत होती. शेतात खुरपणाऱ्या बायका मान वर करून ऐकत आणि आत्याला ओरडून सांगत, "फेदेरेसीबाई, आवाज चांगला आहे हो पोरीचा!"

"माझ्या गेलेल्या भावाचाच आवाज," आत्या म्हणाली. पण तिने वर पाहिलं नाही.

"आमच्या घरी ओरडायला भरपूर जागा आहे," एनोका पुढून म्हणाला. "मोठ्या दोघी दिवसभर तेच करतात."

खांदेकरी हसले. काकुरू हसला नाही. "खांदा!" एवढंच म्हणाला, आणि चार नवे खांदे न थांबता दांड्यांखाली आले.

तिसरी टेकडी गेली. ओरिशाबाचा घसा बसला. एकदम तिच्या लक्षात आलं, की आपण जितकं मोठ्याने ओरडू, तितकी ही माणसं खूश होऊन वेगाने चालतात. तिने दांडे सोडले. अंग सैल टाकलं, मान एका बाजूला लवंडू दिली, डोळे मिटले. एक हात टोपलीबाहेर लोंबू लागला.

थोडा वेळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"काकुरूबाबा," मागचा एकजण म्हणाला, "ओझं बदललं."

"झोपली असेल," एनोका म्हणाला. "रडून रडून दमली. बरंच झालं, माझे कान सुटले."

"झोपलेलं माणूस असं जड लागत नाही," काकुरू म्हणाला. "ठेवा खाली."

डोली खाली आली ती जागा नेमकी फाट्याची होती. वरची वाट बेयाकाच्या टेकडीला जात होती. खालची, निलगिरीच्या झाडांतून, दरीतल्या गाडीरस्त्याला आणि त्याच्या कडेच्या सरकारी दवाखान्याला.

चादर बाजूला झाली. ओरिशाबाला मिटल्या पापण्यांवर ऊन जाणवलं. मग खरखरीत पंजा कपाळावर आला. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की पंजालाही ते कळलं असेल. कपाळ मात्र डोंगरवाऱ्याने गार पडलं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. आता हा म्हातारा ते सांगणार. सगळे हसणार. आणि पुढच्या वर्षी बायका दुसऱ्या कुणाला तरी सांगतील, ओरिशाबाने तर मेल्याचं सोंग घेतलं होतं, काय मुलगी!

पंजा बराच वेळ तिथेच राहिला.

"मला काही समजेना," काकुरू अखेर म्हणाला. "दांडा धरून धरून कातडं मेलंय माझं. गरम, गार, सगळं सारखंच."

"काही झालेलं नाही तिला," एनोका जवळ येत म्हणाला. "उचला. तिकडे माणसं आंबील घेऊन खोळंबलीत."

"मग तुम्हीच हात लावून बघा, पाहुणे."

एनोका थबकला. उंबरा ओलांडेपर्यंत सासरच्या पुरुषाने नवरीला शिवायचं नसतं. त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"आजारी असली तर घरी नेऊन औषध देऊ. दवाखान्यात नको. तिथली नर्स आधी वय विचारते. मागे त्या पलीकडच्या टेकडीवरच्या मुलीला तिने ठेवूनच घेतलं. वर पोलीस बोलावले."

"या पोरीचं वय काय?" काकुरूने सहज विचारल्यासारखं विचारलं.

एनोकाने छत्री मिटली.

"पंधरा," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"फेदेरेसीबाई," काकुरू म्हणाला, "तुमचा हात बाईमाणसाचा. तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल तिकडे डोली."

"नीट विचार करून बघा, आत्याबाई," एनोका हळू आवाजात म्हणाला. "पाच गायी तुमच्या भावाच्या अंगणात बांधल्यात. उद्या मी त्या मागायला आलो, तर भाऊ तुम्हाला घरात ठेवील का?"

ओरिशाबाने जवळ येणारी पावलं ऐकली. आत्या उकिडवी बसली. तिच्या अंगाला लोण्याचा आणि धुराचा वास येत होता. शाळेच्या दारातून उठवताना आला होता, तोच. एक थंड, ओलसर तळवा कपाळावर टेकला. ओरिशाबाने श्वास रोखून धरला. आत्याला खरं कळलं होतं. न कळायला काय झालं? रात्र रात्र ती दारात पडून पोरीचं हुंदके गिळणं ऐकत होती.

वारा निलगिरींतून गेला. कुणीतरी खाकरलं.

"भाजतेय पोर," आत्या म्हणाली.

एनोकाने तोंड उघडलं. काकुरूने त्याच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि एनोकाला आपली म्हातारी आई आठवली असावी. गेल्या पावसात याच खांद्यांनी तिला खाली नेलं होतं, आणि पुढेही न्यावं लागणार होतं. तो वाटेतून बाजूला झाला.

"खांदा," काकुरू म्हणाला.

डोली उठली आणि खालच्या वाटेला लागली. नवरीचं गाणं कुणी म्हटलं नाही. आता पावलं झपझप पडू लागली. एनोका मागे मागे येत होता. डोलीचा कायदा वाटेपुरता; दवाखान्यात त्याला कोण अडवणार? बंद छत्रीचं टोक दगडांवर आपटल्याचा आवाज ओरिशाबाला सारखा ऐकू येत होता. नर्स काय म्हणेल, ठेवून घेईल की परत पाठवील, तिला काही ठाऊक नव्हतं. तिने डोळे उघडले नाहीत.

आत्याने हात काढला नाही. उतार तीव्र होता. तिला कमरेत वाकून, डोलीला धरून, अर्धवट धावत यावं लागत होतं. दोनदा ती ठेचकाळली.

"आत्याबाई, हात काढा आता, पडाल," एक खांदेकरी म्हणाला.

"तू चाल," आत्या धापा टाकत म्हणाली.

दवाखान्याचं फाटक दिसलं, तेव्हा तिच्या तळव्याखाली ते कपाळ खरोखरच गरम झालं होतं.