अकरा आडवी रोपं

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. शाळेच्या पर्यावरण छात्र पथकात माझी उभी हयात गेली. माझं पातं आभाळातून पडलेल्या लोखंडाचं आहे, असं मला घडवणारा लोहार सांगायचा. लोहार खोटं बोलत नाहीत. जरा वाढवून बोलतात, एवढंच. तरुणपणी मी एका दमात अख्खी टेकडी खुरपली होती. विश्वास बसत नाही ना? नका ठेवू. मीही कुणावर ठेवत नाही.

मातीत नाक खुपसून एवढं कळलं, की वरून साळसूद दिसणाऱ्या गवताचं मूळ खाली भलतीकडेच पसरलेलं असतं. म्हणून मला सगळ्यांचाच संशय. झारीचा, फावड्याचा, फाटकाशी घुटमळणाऱ्या शेळीचा तर फारच.

त्या वर्षी पथकाने शाळेमागच्या उतारावर साठ रोपं लावली. महिनाभरात एकेक रोप आडवं पडू लागलं. अकरा गेली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा नववीतल्या मुंगीकडे वळल्या. अंगाने एवढीशी, म्हणून मुंगी. ती रोज सर्वांच्या आधी एकटी उतारावर यायची.

"एवढ्या लवकर काय करतेस गं तिथे?" पथकनायकाने विचारलं.

"पाणी घालते."

"पाणी घालतेस, की रोपं ढिली करतेस?"

"हो ना! घरी नेऊन भाजी करते त्यांची."

कुणी हसलं नाही. पथकाचे सर म्हणाले, "मुंगे, सोमवारपर्यंत कारण कळलं नाही, तर तुझी टोपी जमा कर." हिरवी टोपी गेली, की पथकातून नाव गेलं. मुंगीने टोपी कानांपर्यंत खाली ओढली.

शनिवारी सकाळी तिने मला उचललं. पुरावा पुरायला निघाली, अशी माझी खात्रीच. पण तिने एका कोमेजलेल्या रोपाशी मला वीतभर खुपसलं आणि माती उलटली. आत गलेलठ्ठ पांढरी हुमणी! ही अळी मुळंच खाते. शेजारच्या खड्ड्यात आणखी चार, आणि त्यांच्याभोवती कच्चं शेण.

तिने हाक मारली, तसे सर आणि पथकनायक धावत आले. सर वाकले आणि ते शेण चाचपू लागले. लागवडीची तारीख गाठायची म्हणून, न कुजलेलं शेण खड्ड्यांत टाकायला त्यांनीच सांगितलं होतं. त्यातूनच अळ्या आल्या होत्या.

"सर, आता टोपी कुणाची जमा करायची?" मुंगीने हळूच विचारलं.

"माझी," सर म्हणाले, आणि खरोखरच काढून तिच्या हातात दिली.

पथकनायक फिदीफिदी हसला. मुंगीने मला त्याच्या हातात कोंबलं. "हसतोस काय? अजून पन्नासेक खड्डे बघायचेत."

मला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं मुळांपाशी राहून मीही त्या पोरीचं तोंडच बघत होते ना सगळ्यांसारखं!

तर मित्रांनो, रोप पडलं की आधी माती उकरा, माणूस नंतर. खत पुरतं कुजू द्या. आणि काम झालं की मला पुसून कोरड्या जागी ठेवा. ओल्या कोपऱ्यात गंज माझा जीव खातो. "ठेवू की," असं तुम्ही आता म्हणाल.

बघू.