मोगरीचा ठोका

सिओएली मास्तरांना गाणं कसं सुचतं, असा प्रश्न आमच्या बेटावरचं माणूस कधी विचारत नसे. विचारायचे ते ऑकलंडहून सुट्टीला आलेले भाचे. पोटभर खाऊन झालं की पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "मामा, प्रेरणा कुठून येते हो?" मास्तर कावाच्या मुळीच्या पेयाची करवंटी खाली ठेवून म्हणत, "मला ठाऊक नाही बुवा. मी सकाळी उठून बसतो." वारा सुटला की होडी काढीन म्हणणाऱ्याच्या घरी मासा शिजत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चर्चच्या गायकवृंदाला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवं गाणं लागे आणि मास्तरांनी ते कधी चुकवलं नव्हतं. अंगात ताप असताना नाही, वादळात स्वयंपाकघराचं छप्पर उडालं तेव्हाही नाही.

भाच्यांना ते एक गोष्ट मात्र सांगत नसत, कारण ती सांगण्यासारखी आहे असं त्यांच्या मनातही येत नसे. मास्तर सकाळी खिडकीपाशी मांडीवर फळी घेऊन बसत, आणि बाहेर नीरफणसाच्या सावलीत त्यांची बायको मेलेनाइते साल कुटायला बसे. झाडाची भिजवलेली साल ओंडक्यावर पसरायची आणि लाकडी मोगरीनं कुटून कुटून रुंद करायची. त्याचं कापड होतं, त्याला आम्ही 'तापा' म्हणतो; ते लग्नाला लागतं आणि मढ्यालाही लागतं. तिच्या मोगरीच्या ठोक्यावर मास्तर आकडे मांडत जात. आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात आणि पहिला सूर एक नसतो, तीन असतो. कुण्या मिशनरी बाबानं तसं शिकवलं आणि आम्ही ते पाळलं.

सालीची घडी घालायला मेलेनाइतेचा हात थांबे. त्या थांब्यात ती बाहेरून ओरडे, "झालं का हो?"

"नाही अजून!" मास्तर वैतागून म्हणत.

"मग काय तिथं माशा मारताय?"

आणि पुन्हा ठोका सुरू. सबंध संसारात त्या दोघांचं सकाळचं बोलणं एवढंच. भांडण म्हणा, प्रेम म्हणा, त्यातच काय ते आलं.

यामचे कंद खणायच्या दिवसांत एका संध्याकाळी मेलेनाइते म्हणाली, छातीत भरल्यासारखं होतंय. मोठ्या बेटावरून डॉक्टरची बोट यायच्या आत ती गेली. सगळ्या गायकवृंदानं तिच्या उशाशी बसून मास्तरांचीच गाणी म्हटली. मास्तर एका कोपऱ्यात, आमच्याकडे दुःखात गुंडाळतात तशी फाटकी चटई कमरेला गुंडाळून बसले होते. आपली गाणी इतकी लांब आहेत हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुःखाच्या घरात शब्द चालतो तो बहिणीचा. मास्तरांची थोरली बहीण लुसेआने काळे कपडे घालून आली आणि गावातल्या बायांना तिनं बजावलं, "माझ्या भावाच्या कानावर मोगरीचा आवाज पडता कामा नये. काळे कपडे उतरेपर्यंत ज्यांना कुटायचंय त्यांनी पलीकडच्या किनाऱ्याला जावं." बायांनी निमूटपणे ओंडके उचलले. लुसेआनेपुढे पाद्रीबाबासुद्धा घसा खाकरून बोलत. तिचं म्हणणं सरळ होतं. हातात मोगरी घेतलेली दुसरी बाई दिसली की भावाच्या काळजाला घरं पडतील. भावावर तिचा फार जीव होता आणि तो दाखवायची तिला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

मास्तर रोज सकाळी खिडकीपाशी बसतच होते. फळी मांडीवर, पेन्सिल हातात. समोर नीरफणस, त्याच्याखाली तो ओंडका, आणि सगळीकडे अशी शांतता की शेजारच्या डुकराचं जांभई देणंही ऐकू यावं. एक आकडा लिहायचा, खोडायचा. पहिला रविवार आला, वृंदानं जुनं गाणं म्हटलं. लोक म्हणाले, असू दे, दुःख ताजं आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जुनं. त्याच्या पुढच्या महिन्यात लोक काही म्हणाले नाहीत, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं.

एकदा वारा फिरला आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून ठोक्याचा आवाज आला, पुसट, तुटक. मास्तरांच्या हातून भराभर एक ओळ उतरली. मग वारा पडला आणि ओळ अर्धीच राहिली. आपलं काय हरवलंय हे त्यांना तेव्हा नीट कळलं, आणि ते मागायची सोय नाही हेही कळलं. थोरल्या बहिणीसमोर भावानं मान वर करून बोलायचं नाही, घरात तिच्याबरोबर एका छपराखाली बसायचं नाही, आणि बायकोची आठवण काढून रडणं तर तिच्या कानावर मुळीच घालायचं नाही. लहानपणापासून अंगात मुरलेली रीत.

चर्चचा कारभारी फिफिता एका दुपारी आला आणि दारात उगाच घुटमळला. "मास्तर, राग मानू नका. पाद्रीबाबा म्हणतात, या रविवारी नवं नसेल तर शेजारच्या बेटावरच्या मास्तरांचं गाणं मागवू. पुढचीही तेच देतील. तुम्हाला विसावा."

"विसावा," मास्तर म्हणाले. "फिफिता, एक काम करशील? ताईंना सांग, बायांना इथं कुटू द्या म्हणावं."

"मी सांगू? लुसेआनेबाईंना?" फिफितानं छातीवर हात ठेवला. "मास्तर, माझी पोरं लहान आहेत हो."

तो गेला. या घरातून गाणंही गेलं तर आपण सकाळी उठायचं कशाला, हे मास्तरांना सुचेना. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते बाहेर आले. वळचणीला मेलेनाइतेनं अर्धवट कुटून ठेवलेल्या सालीची गुंडाळी होती. त्यांनी ती पाण्यात भिजवली, ओंडक्यावर पसरली, बायकोच्या जागी मांडी घातली आणि मोगरी उचलली.

आमच्याकडे पुरुष साल कुटत नाही. कुटली तर काही पाप लागत नाही, पण कुणी कुटलेली आजवर कुणी पाहिली नाही. टक्. टक्टक्. टक्. आंधळ्यानं दार शोधावं तसे ठोके पडू लागले. पोरं कुंपणापाशी जमून फिदीफिदी हसली, मग मास्तरांचं तोंड पाहून गप्प झाली. मास्तरांना मेलेनाइतेचा ठोका काही केल्या हाताला सापडेना. इतकी वर्षं रोज ऐकलेला ठोका, आणि तो जोरात होता की हळू, हेही धड आठवेना. ते अधिक जोरात मारू लागले आणि साल मधोमध टरकन फाटली.

"फाडलीस ना!"

लुसेआने आवारात उभी होती. धावत आली असावी, धाप लागली होती. मास्तरांनी मान खाली घातली.

"गावभर आवाज गेलाय. लोक काय म्हणतील, मास्तरांना वेड लागलं म्हणतील. काय चालवलंयस हे?"

"ताई," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "मला घरात काहीच ऐकू येत नाही. तुम्ही माझ्यासाठीच केलंत, पण मला काहीच ऐकू येत नाही." आणि मग जे बहिणीपुढे होऊ नये ते झालं. ते तोंडात मूठ धरून रडले.

लुसेआनेनं तोंड फिरवलं. तिला त्यांच्याकडे बघायची रीत नव्हती. पोरांना तिनं एका हाकेत पिटाळलं. मग ती म्हणाली, "आत जा. खिडकीपाशी बस. आणि ती मोगरी तिथंच ठेव."

मास्तर आत गेले. बाहेर लुसेआनेनं फाटलेल्या सालीच्या कडा एकावर एक ठेवल्या आणि कुटायला घेतलं. भिंतीच्या एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला भाऊ. तिचा हात कडक, ठोका घाईचा. तो मेलेनाइतेचा नव्हताच. पण ठोका होता, आणि उन्हं चढेपर्यंत मास्तरांचं गाणं होत आलं होतं. लुसेआने एकदाही मध्ये थांबली नाही, काही विचारलंही नाही. रोज पहाटे येऊन ती तशीच कुटत राहिली.

शुक्रवारी मास्तरांनी चर्चच्या फळ्यावर आकडे मांडले. वृंद आनंदानं गायला लागला आणि दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचा दम उखडला. सेलू नावाची एक जाडजूड बाई, वरच्या पट्टीत गाणारी, हातातल्या पंख्यानं वारा घेत म्हणाली, "मास्तर, श्वास कुठं घ्यायचा ते तरी लिहा. आम्ही काय मासे आहोत?"

सगळे हसले. मास्तर फळ्याकडे बघत उभे राहिले. गाण्यात एकही थांबा नव्हता. आणि आजवरच्या त्यांच्या प्रत्येक गाण्यात होता, ओळीच्या मध्यावर, ऐन भरात. पाहुणे मास्तर येत ते त्याचं कौतुक करत, किती नेमकी जागा साधता म्हणत, आणि मास्तरही आपलीच अक्कल समजून मान डोलावत. मेलेनाइते सालीची घडी घालायला थांबायची तेव्हा ते थांबायचे, एवढंच होतं ते. त्यांनी पुढे होऊन तळहातानं ओळीच्या मधला एक आकडा पुसून टाकला आणि तिथं काही लिहिलं नाही.

"इथं थांबायचं," ते म्हणाले. "मी हात खाली करीपर्यंत."

रविवारी चर्च भरलं होतं. लुसेआने बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर होती, हातांना फोड आलेले. मोठ्या बेटाला ऐकू जाईल अशा गळ्यानं वृंद गायला. ओळ चढत गेली आणि मध्यावर सगळे एकदम थांबले. मास्तरांचा हात वर होता.

तो खाली येईना. वृंद वाट बघत राहिला, फिफितानं काळजीनं मान लांबवली. खिडक्यांतून समुद्राचा आवाज येत होता. पुढच्या रांगेतल्या सेलूला मास्तरांचे ओठ हलताना दिसले, आणि ते काय म्हणाले तेही तिला ऐकू आलं.

"झालं गं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी हात खाली केला.