भाऊजींना लाल कार्ड

भाषण क्लबात वहिनी वर्षभर टायमर होत्या. हिरवं कार्ड म्हणजे चालू द्या, पिवळं म्हणजे आटपा, लाल म्हणजे थांबा. लाल बघूनही माणूस थांबला नाही तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, की तो लाजून बसतो. क्लबाचा नियमच होता तो.

आज मात्र वहिनींना स्वतः बोलायचं होतं. पहिलंच भाषण. सभेनंतर अध्यक्षाची निवड होती, आणि एकदाही न बोललेल्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं. याआधी दोनदा पाहुण्यांनी त्यांच्या भाषणाची वेळ खाल्ली होती. कारण चार-पाच क्लब मिळून एक विभाग, विभाग मिळून जिल्हा, आणि दर पायरीवर पाहुणा म्हणून येणारा एक प्रमुख. प्रमुख जितका वरचा, तितकं भाषण लांब. जिल्हाप्रमुखाला ऐकायला तर लोक डबा घेऊन जायचे.

आजचे पाहुणे विभागप्रमुख. म्हणजे वहिनींचा सख्खा दीर.

"दोनच शब्द बोलतो," म्हणत भाऊजींनी माइक धरला.

सभा भरायची त्या कॉम्प्युटर क्लासच्या फिरत्या खुर्च्या कुरकुरायला लागल्या. हिरवं झालं, पिवळं झालं. लाल धरून धरून वहिनींचा खांदा भरून आला. शेवटी त्यांनी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी जीव तोडून वाजवल्या.

भाऊजींचे डोळे पाणावले. "एवढं प्रेम! मग तो दुसरा किस्सा पण सांगतोच."

"वहिनी, घरी कसं गप्प करता हो यांना?" शेजारचा चष्मेवाला पुटपुटला.

"घरी कुठे बोलतात? घरी सासूबाई बोलतात."

आणि वहिनींची ट्यूब पेटली. भाऊजींनी आयुष्यात पद म्हणून नाकारलं नव्हतं. स्वतःला मूलबाळ नसताना शाळेच्या पालक समितीवर होते!

"भाऊजी," त्या उठून म्हणाल्या, "एक पद रिकामं आहे. मुख्य वेळाधिकारी. तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?"

किस्सा तिथेच टाकून भाऊजी खाली आले. कार्डं छातीशी धरून ताठ बसले.

वहिनींनी माइक घेतला. पहिलं वाक्य साफ विसरल्या, मग दुसऱ्यापासून सुरू केलं. "मी दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला असते. तोंड उघडं ठेवून गप्प बसणारी माणसं मी फक्त तिथेच बघितलीत."

खोलीत हशा फुटला. भाऊजी सगळ्यात जोरात हसले. पिवळं दिसताच वहिनींनी आटोपतं घेतलं, आणि निवडूनही आल्या. समोर दुसरं कोणी नव्हतंच म्हणा.

"वहिनी, हे वेळाधिकारीपद किती दिवसांचं असतं हो?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"तुमच्यासाठी कायमचं. फक्त त्या खुर्चीतून बोलायचं नाही."

भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि हिरवं कार्ड वर केलं.