दाराच्या पोटातलं चॅनल

तपासणी अधिकाऱ्याने बटण दाबलं, तशी तिच्या टॅक्सीच्या मागच्या दाराची काच तिरकी होऊन अर्ध्यावरच अडकली.

"उद्या अकराच्या आत नीट करून आणा. नाहीतर परवाना गेला म्हणून समजा," म्हणत तो पुढच्या गाडीकडे वळलासुद्धा.

गॅरेजवाल्याला चार दिवस मान वर करायला फुरसत नव्हती. काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते, ते मात्र त्याने शोधून दिलं. "ताई, हे एवढं एकच आहे. आधी वरचे कोपरे बसवा, मग बाकीचं."

सात वर्षं तिने टॅक्सीवर घर ओढलं होतं; एका काचेपायी चाकं थांबू देणं तिला मंजूर नव्हतं. अंगणात येताच तिने बाह्या सरसावल्या. हँडलमागचे स्क्रू काढले, दाराचं आतलं पॅड हलकेच उचकटलं, काच पार खाली नेली आणि जुनं चॅनल ओढून काढलं. वरचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता. मग ती साबणाचं पाणी आणायला घरात गेली.

परतली तर सासूबाई नवं चॅनल घेऊन उभ्या. जन्म शिवणकामात गेलेला, हातात कात्री.

"चौकटीला लावून पाहिलं गं. वीतभर उरत होतं, छाटलं."

"आई! ते उरलेलं नव्हतं. ते दाराच्या पोटात जातं!"

"आता दाराला पोट असतं, हे मला कोण सांगणार?"

बोलून रबर वाढणार नव्हतं. तिने छाटलेला तुकडा पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवला, सुकू दिला, चॅनल बसवलं. काच वर आली, जोडावर अडखळली आणि रबर जिभेसारखं बाहेर लोंबलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून जोड निरखला. "सरळ जोड आहे, म्हणून ठेच लागते. तिरका घ्यायला हवा. पण मग तुकडा लांब लागेल."

"जुन्याचा खालचा भाग शाबूत आहे."

"मग बघतेस काय? धर!"

त्यांनी दोन्ही टोकं अशी तिरपी कापून चिकटवली, की जोड बोटालाही कळेना. पुन्हा कोपरे, मग वरची बाजू, मग खाली. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. तिचे अंगठे लालभडक झाले.

"जरा बस तरी गं."

"आज बसलं तर चॅनल बसेल, मी नाही."

"बरं बाई. देवाचं नाव घे आणि दाब बटण."

काच सरळ वर गेली आणि चौकटीत गच्च बसली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने काच तीनदा खालीवर केली. जोडापाशी बोट फिरवलं.

"कोणत्या गॅरेजचं काम?"

"घरचंच. सासूबाईंचं आणि माझं."

त्याने एकवार तिच्याकडे पाहिलं, कागदावर शिक्का मारला. "घ्या गाडी पुढे, मागे रांग लागली आहे."

तिने गाडी थेट स्टँडवर नेली.