खलनायकाला कोर्ट हवं

कायद्याचं राज्य ही माणसाने स्वतःला दिलेली सर्वोच्च देणगी आहे. हे वाक्य आमच्या मालिकेतल्या खलनायकाने दिग्दर्शकाला ऐकवलं, ते हातात आलेल्या पानांत आपल्याला गोळी घातलेली वाचल्यावर.

गोळी इन्स्पेक्टर घालणार होता. इन्स्पेक्टर म्हणजे हीरो. कोर्टाच्या तारखांना आणि फुटणाऱ्या साक्षीदारांना तो विटलाय, असं पटकथेत होतं. खरी अडचण अशी, की कोर्टात सगळे संवाद वकिलाला जातात आणि इन्स्पेक्टरने मागे उभं राहून नुसता जबडा आवळायचा असतो. गोदामात गोळी घातली की शेवटचं वाक्य त्याचं.

खलनायकाचा प्रश्न साधा होता. मेला की काम संपलं. आधीच्या दोन मालिकांत तो पहिल्याच भागात प्रेत होता. बायको माहेरी सांगायची, यांचं काम तसं शांत असतं. या वेळी कुठे तो वर्षभर जिवंत राहिला होता आणि भाजीवाला त्याला बघून माप नीट घालू लागला होता.

तेव्हा मेकअपच्या खुर्चीतूनच तो लोकशाहीवर बोलला. पोलिसांनीच निकाल लावायचा, तर न्यायाधीशांनी काय माशा मारायच्या?

"अरे बाबा, तीन खून केलेस तू," हीरो म्हणाला.

"आरोप आहे," खलनायक म्हणाला. "सिद्ध कर."

दिग्दर्शकाला दोघांचंही पटलं; जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं. म्हणून खलनायकाने आपल्या साडूला बोलावून घेतलं. साडू खरोखरीचा वकील. मध्ये न तोडता कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर तो खुलला. अटक, कोठडी, आरोपपत्र, जामीन, अपील, त्याच्यावरचं अपील. दिग्दर्शक मनात भाग मोजत होता. दीड वर्ष सहज निघत होतं. गोळी रद्द झाली. हीरो रुसून गाडीत जाऊन बसला.

"साडूबुवा, जीव वाचवलात," खलनायक म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, कॅमेरा नसताना.

निघताना साडूने एक बारीकसा मुद्दा सांगितला. साक्षीदारांसमोर ओळखपरेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा कुणाला दिसता कामा नये, तोंडावर काळा बुरखा लागतो. आणि त्याच्या वतीने बोलतो तो वकीलच.

दिग्दर्शकाने खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रॉडक्शनवाल्याकडे पाहिलं.

मालिका आता कायद्याने चालते. बुरख्यात मेकअपमनचा मेहुणा उभा राहतो. ओळखपरेड अजून झालेली नाही.